पाडव्याला बंद राहिलेलं दुकान

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. नौपाड्यातलं आमचं तबला-पेटीचं दुकान बंदच. एरवी मुहूर्तावर पेटी न्यायला गिऱ्हाईक हमखास असतं. खरी धास्ती पावसाची होती: बंद दुकानात दमट हवेनं तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची चामडी, सैल पडतात, पेटीच्या भात्याच्या चामड्याला बुरशी धरते. मिरजेहून तानपुरे येईनात, पालिताण्याहून रीड, म्हणजे पेटीतल्या सुरांच्या धातूच्या पट्ट्या, येईनात. गणपतीत मिरवणुकाच नाहीत म्हटल्यावर ढोलाची पानं बदलायला पथकं कशाला येतील?

फोन मात्र वाजायचा, तो युकुलेलेसाठी, म्हणजे गिटारसारख्या छोट्या चार तारांच्या वाद्यासाठी! घरात कोंडलेल्या पोरांचे ऑनलाइन क्लास सुरू झाले होते ना. बाबांनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, "मागव चार."