एका पानाचा रेझ्युमे आणि तळाशी बसलेला लाल रंग

उन्हाळ्यातल्या रिसर्च इंटर्नशिपसाठी रेझ्युमे लागतो हे कळलं तेव्हा मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार फॉरमॅट होता. फोटो, वडिलांचं नाव, जात, धर्म, छंद आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे'. आईनं प्रिंट बघितली आणि म्हणाली, "हे कॉलेजसाठी हाय का स्थळासाठी?" वर 'श्री गणेशाय नमः' तेवढं राहिलं होतं.

आमच्या मॅडमनी पहिल्यांदा तोच सगळा भाग खोडला. फोटो नको, जात-धर्म नको, आठवीतलं निबंधाचं बक्षीस तर नकोच. मग त्यांचा पेन 'तंत्रं' या रकान्यावर थांबला. तिथे मी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, लिहिलं होतं.

"प्रायमरचं अ‍ॅनिलिंग तापमान कशावरून ठरवतेस?"

मी गप्प. पीसीआरचं मशीन मी एका वर्कशॉपमध्ये लांबून पाहिलं होतं, एवढंच. "मुलाखतीत हाच प्रश्न येईल," म्हणत त्यांनी तेही खोडलं. उरलं काय? ग्रॅम स्टेनिंग, स्ट्रीक प्लेट, सिरियल डायल्युशन आणि द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारा कलरीमीटर. वाईट वाटलं खरं, पण यातलं काहीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मला सांगता आलं असतं.

खरी झोंबाझोंबी प्रोजेक्टच्या ओळींवर झाली. आमच्या भागात चादरी-टॉवेलचं सूत रंगवणारे छोटे डाइंगवाले आहेत. तिथल्या गटारीतल्या पाण्यातून मी बॅक्टेरिया वेगळे केले होते आणि ते लाल रंग घालवतात का, हे बघितलं होतं. विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेसाठी पोस्टरही केलं होतं. रेझ्युमेत मी लिहिलं : 'कापड उद्योगातील सांडपाण्याच्या समस्येवर पर्यावरणपूरक उपाय शोधला.'

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी तळाशी बसवल्यावर तो गोळा कुठल्या रंगाचा होता?"

लालच होता. म्हणजे वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी रंग मोडला होता असं नाही, निदान काही रंग पेशींना नुसता चिकटला होता. ही गोष्ट मी वहीत लिहिली होती, पोस्टरवर नाही. मॅडमचं म्हणणं, रेझ्युमेत तीच घाल. मला वाटलं, आपलंच अपयश आपण होऊन कोण छापतं? दोन दिवस कुरकुर केली. शेवटी इंग्रजीत तीन ओळी झाल्या : किती नमुन्यांतून किती कल्चर वेगळे केले, रंग किती उतरला ते कलरीमीटरवर ५२० नॅनोमीटरला मोजलं, पेशींवर रंग दिसल्यामुळे विघटन झालं की शोषण, हे अजून ठरायचं आहे. 'उपाय शोधला' गेलं.

बाकीचं झटपट उरकलं. शिक्षण वर, दर सेमिस्टरचे गुण जसे आहेत तसे (तिसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्रीनं घात केला, तोही तसाच). शिफारस देणाऱ्यांचं नाव त्यांना विचारून. फाइलला 'न्यू फायनल २' न म्हणता स्वतःचं नाव. सगळं एका पानात, पीडीएफ करून.

बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. तिचा ऑनलाइन फॉर्म वेगळा भरला. तिथे काय करायचंय आणि का, याचं टिपण द्यावं लागतं, त्यातही हाच लाल गोळा कामी आला. ती मात्र मिळाली नाही.

रेझ्युमे लागला तो प्राध्यापकांना थेट मेल करताना. जानेवारीत घरचे सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेले होते, मी मोबाइल घेऊन माडीवर. चौदा मेल, प्रत्येकात त्यांच्या कामाबद्दल दोन वेगळी वाक्यं. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर तो कळतो, असं एका सीनियर दादानं बजावलं होतं. उत्तरं दोनच आली. एक 'जागा नाही'. दुसरं पुण्याहून, एका ओळीचं : मृत पेशींचा कंट्रोल लावला होता का? म्हणजे मेलेल्या पेशींनीही रंग उतरतो का, हे तुलनेसाठी बघितलं होतं का.

नव्हता. 'नाही' असंच लिहिलं, आणि लावायचा झाला तर कसा लावेन ते खाली चार ओळींत. मे महिन्यात पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं मारलेल्या, पेशींचा फ्लास्क लावायला सांगितला.