आमची वाटचाल : भिशीची वही ते भाजणीचा धंदा

दुकानात येणारे बरेच जण विचारतात की पाकिटावर "मैत्रिणींच्या वहीतून" असं का छापलंय, आणि काउंटरवर दिवाळीच्या गर्दीत हे सगळं सांगणं काही जमत नाही, म्हणून एकदा नीट बसून लिहून टाकतेय.

2004 साली पुण्यात सहकारनगरला आमची बारा जणींची भिशी सुरू झाली. नियम एकच, ज्या घरी भिशी त्या घरच्या बाईने तिच्या हातचा गाजलेला पदार्थ करायचा आणि त्याची कृती स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायची, खाली नाव, गाव आणि कुणाकडून शिकली ते. वही म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेलं दोनशे पानी लांब रजिस्टर. जळगावच्या मैत्रिणीची कळण्याची भाकरी, सोलापूरकरणीची शेंगाचटणी, रत्नागिरीच्या वहिनींचं फणसाचं सांदण, नागपूरचा गोळाभात, सगळं त्यात होतं. आणि तळमजल्यावरच्या काकूंचं मेतकूट. काकू शाईपेनने लिहायच्या, त्यांचं पान बघूनच भूक लागायची. माझ्या नावावर चकलीची भाजणी होती, जी मला माझ्या सासूबाईंनी दिली आणि त्यांना त्यांच्या शेजारणीने.

2008 च्या दिवाळीत एकीच्या ऑफिसातल्या बायकांनी चकल्या खाल्ल्या आणि भाजणीच मागितली, पहिली ऑर्डर 18 किलो. तेव्हा आम्ही दोघी होतो, मी आणि भिशीतलीच एक मैत्रीण. भाजणं-दळणं माझं, हिशोब आणि गिऱ्हाईक तिचं. ती बोलायला फार गोड आणि आकड्यांत पक्की, तिच्याशिवाय पहिली दोन वर्षं निघालीच नसती, हे मी आजही नाकारत नाही.

कढई आम्ही जुन्या बाजारातून घेतली, एका आचाऱ्याची वापरलेली लोखंडी, दोघींना उचलता यायची नाही इतकी जड. नव्या कढईत डाळ बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहते, जुन्या जाड लोखंडात आच सावकाश पसरते. आजही तीच आहे. दळण आधी गल्लीतल्या गिरणीत असायचं. ज्यांनी भाजणी दळून आणलीय त्यांना माहितीये, गिरणीवाल्याला हात जोडून सांगावं लागतं की दादा, गव्हावर दळू नका, हरभऱ्याच्या डाळीवर किंवा तांदळावर दळा. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली मऊ पडते आणि शिव्या आपल्याला. शेवटी 2010 मध्ये स्वतःची घरघंटी घेतली, दोन जाळ्या वेगळ्या ठेवल्या, चकलीसाठी बारीक आणि थालिपिठासाठी जरा भरड. आणि भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय घंटीत घालू नका, पिठाला वाफ धरते आणि महिन्याभरात वास येतो. घरी करणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा.

फूड रजिस्ट्रेशन पण तेव्हाच काढलं नाही ही चूक झाली, नंतर काढलं. आम्ही काढलं तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असली की वर्षाला शंभर रुपयात काम व्हायचं, चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. घरून सुरू करताय तर आधी हे करा, मग लेबलाचं डिझाईन वगैरे.

पुढची वर्षं सुरळीत गेली. भाडं निघत होतं, तीन बायकांचे पगार निघत होते.

2014 मध्ये मैत्रीण वेगळी झाली. भांडण नाही झालं, नवऱ्याची बदली होतेय म्हणाली. जायच्या आधी म्हणाली वहीची झेरॉक्स काढून घेते, आठवण म्हणून. मी स्वतः तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, पानं उलटून दिली, पैसे पण मीच दिले. सात-आठ महिन्यांनी तिचं स्वतःचं पाकीट बाजारात आलं, चकचकीत, त्यावर नऊवारीतल्या एका आजींचा फोटो आणि खाली "आमच्या घराण्याची पाच पिढ्यांची पाककृती". आत काय होतं? माझ्या सासूबाईंच्या शेजारणीची भाजणी आणि आमच्या काकूंचं मेतकूट. बदली वगैरे काही झाली नव्हती.

लोक मला म्हणतात की अगं कृती काय कुणाच्या मालकीची असते का. नसतेच. मी कुणालाही देते, काउंटरवर विचारा, मापासकट सांगते. राग त्याचा नाही. राग याचा आहे की काकूंनी वहीत स्वतःच्या आत्याचं नाव लिहून ठेवलं होतं आणि हिने दोघींची नावं पुसली. काकू तेव्हा हयात होत्या. त्यांनी ते पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं वाचलं आणि परत ठेवलं, एक शब्द बोलल्या नाहीत. 2017 मध्ये त्या गेल्या.

मग 25 सप्टेंबर 2019. आमची कामाची खोली आंबील ओढ्यापासून फार लांब नव्हती आणि तळमजल्याला होती. रात्री पाऊस असा आला की तासाभरात ओढा रस्त्यावर. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल, त्या रात्री काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको, माणसं गेली त्यात, त्यापुढे आमचं नुकसान म्हणजे काय. तरी सांगते. घटस्थापना चार दिवसांवर, दिवाळी महिन्यावर. 340 किलो तयार भाजणी, मार्केट यार्डातून उधारीवर उचललेल्या डाळींची पोती, घरघंटी, सीलिंग मशीन, सगळं कमरेभर चिखलात. भिजलेल्या डाळींना दोन दिवसात असा वास सुटला की पोती उचलायला माणूस तयार होईना. कढई तेवढी राहिली, तिला काय होणार.

आणि वही खालच्या ड्रॉवरमध्ये होती. बॉलपेनने लिहिलेलं थोडंफार लागत होतं, शाईचं सगळं धुऊन गेलेलं. काकूंचं पान नुसतं निळं झालं होतं.

माप मला पाठ आहे असं वाटायचं, पण पाठ असतं ते हाताला, आणि ते माझ्या एकटीच्या भाजणीचं. बाकी थालीपीठ, धिरड्याचं पीठ, चटण्या, मेतकूट हे सगळं वहीत बघून व्हायचं. म्हणून मी त्या वेगळ्या झालेल्या मैत्रिणीला फोन केला. पाच वर्षांनी. म्हटलं झेरॉक्स असेल तर परत एक कॉपी दे. म्हणाली, "हो गं, बघते शोधून." दुसऱ्यांदा केला, उचलला नाही. त्या दिवाळीत तिचं मेतकूट दुकानादुकानात होतं.

भिशी तोवर बंद पडून सहा वर्षं झाली होती. पण बातमी कळली आणि एकेक यायला लागल्या. प्रत्येकीने कधी ना कधी त्या वहीतून काहीतरी उतरवून नेलेलं. कुणी कॅलेंडरच्या पाठीवर, कुणी मुलीच्या शाळेच्या डायरीत, एकीने तर कपाटाच्या आतल्या दारावर पेन्सिलीने लिहिलेलं, तिने मोबाईलवर फोटो काढून पाठवला. मापं सगळी वेगळी. एकीचं वाटीत, एकीचं किलोत, रत्नागिरीच्या वहिनींचं चिपट्यात. दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर, पण हे झालं भरून मोजायचं माप, धान्याचं वजन प्रत्येकाचं वेगळं, म्हणून आम्ही एकेक धान्य चिपट्याने मोजून काट्यावर ठेवत बसलो. तुमच्या घरी अशी वही असेल तर आजच वजनात लिहून ठेवा आणि फोटो काढून दोघातिघांना पाठवा.

सगळ्यात मोठी मदत केली ती पर्वती पायथ्याच्या आजोबांनी. बँकेतून रिटायर, दर दिवाळीला स्वतःचा पितळी डबा घेऊन पाच किलो न्यायला यायचे, अर्धी मुलाला अमेरिकेत पाठवायला. आणि दर वर्षी सांगायचे, यंदा धणे जास्त, यंदा उडीद कमी पडला म्हणून चकली तुटली. सुरुवातीला मला राग यायचा. पूर ओसरल्यावर आले ते एक छोटी डायरी घेऊन. त्यात 2009 पासून प्रत्येक वर्षाची नोंद, तारखेसकट, आणि मी त्यांना काउंटरवर बोलता बोलता सांगितलेली मापंसुद्धा: तांदूळ चार, हरभराडाळ दोन, उडीद एक, मूगडाळ अर्धी, पोहे एक. "ही ठेव, झेरॉक्स काढून परत दे," म्हणाले. आणि दहा किलोचे पैसे आगाऊ ठेवून गेले, अजून घंटीची मोटर रिवाइंडिंगला होती तेव्हा.

त्या दिवाळीत आम्ही 210 किलो विकली. भाजली माझ्या गच्चीवर, त्याच कढईत, भिशीतल्या सहा जणी पाळीपाळीने उलथनं घेऊन. एकीनेही पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र मी सगळ्यांना हिशोबाने दिले, आणि प्रत्येकीच्या पिठाच्या पाकिटावर तिचं नाव, गाव, कुणाकडून शिकली ते छापलं. छपाईवाला म्हणाला एवढा मजकूर कोण वाचतं. मी म्हटलं तू छाप.

मार्च 2020 च्या लॉकडाऊनचं वेगळं काही लिहीत नाही, ते सगळ्यांचंच झालं, आम्ही सोसायट्यांच्या गेटवर पाकिटं ठेवून यायचो आणि तरलो.

राहिलं मेतकूट. काकूंचं पान कुणीच उतरवलं नव्हतं, कारण काकू तळमजल्यावरच राहायच्या नाहीत का, लागलं की डबा घेऊन खाली जायचं, ही सगळ्यांची सवय. लोक अजून मागतात, आम्ही नाही म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या मापाचं करून त्यावर काकूंचं नाव मी लावणार नाही. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या नातीला त्यांच्या पोथीत एक किराण्याची चिठ्ठी सापडली. हरभराडाळ, उडीदडाळ, तांदूळ, गहू यांची वजनं आहेत, हळद-हिंग आहे, सुंठ आणि मेथीपुढे नुसती रेघ. त्यावरून आत्तापर्यंत चौदा वेळा करून पाहिलं. नातीला चव आठवते, ती तूप-भातावर घालून खाते आणि सांगते. आजोबा आता ब्याऐंशीचे आहेत, त्यांनाही पुडी पाठवते. चौदाव्या खेपेची चिठ्ठी परवा आली: "सुंठ बरोबर. मेथी अजून कमी."