आमची वाटचाल: पाच फुल्या

१९९७ साली इचलकरंजीत दहा बाय बाराच्या गाळ्यात कॉम्प्युटर सर्व्हिसचं दुकान थाटलं. भागीदार, मी, नेटवर्कच्या वायरींना टोकं बसवायचं एक क्रिंपिंग टूल आणि फ्लॉप्यांचा डबा. त्यानंतरची वर्षं मागाच्या खडखडाटात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायची आहे ती २००१च्या मार्चअखेरची रात्र.

लाइट जाऊन आली आणि एका पतसंस्थेचा विंडोज एनटी ४.० सर्व्हर निळ्या पडद्यावर अडकला. एरर सी००००२१८, सॉफ्टवेअर हाइव्ह लोड होत नाही, म्हणजे रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीतली 'सॉफ्टवेअर' नावाची फाइल बिघडली. इमर्जन्सी रिपेअर डिस्क, म्हणजे या नोंदींची प्रत ठेवलेली फ्लॉपी, आमच्याकडे होती. दर महिन्याला आरडिस्क ही कमांड चालवून ती ताजी करायचो, म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कुणी म्हणू नये. सेटअपच्या तिन्ही फ्लॉप्या फिरवल्या, रिपेअरसाठी आर दाबलं, रजिस्ट्रीतला कोणता भाग फ्लॉपीवरून परत घ्यायचा त्याची यादी आली. मॅनेजर डोक्यावर उभे. मी पाचही ओळींवर फुली मारून मोकळा झालो.

सर्व्हर उठला, पण एकाचंही लॉगिन होईना. नुसतं आरडिस्क सॅम (युजर आणि पासवर्डांची नोंद) आणि सिक्युरिटी या भागांना हात लावत नाही, पुढे /एस लावावं लागतं. फ्लॉपीवरची युजरांची यादी इन्स्टॉलच्या दिवसाची, म्हणजे जवळजवळ कोरी. नुसत्या सॉफ्टवेअरवर फुली मारली असती तर काम तिथंच संपलं असतं.

आता पासवर्डही त्याच दिवसाचा हवा. तो टाकला होता भागीदाराने, आणि भागीदार तर चार महिन्यांपूर्वीच समोरच्या फर्ममध्ये गेलेला. रात्री दोनला फोन केला. "फ्लॉपीचं लेबल उचकट," एवढंच बोलला. खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

पहाटेपर्यंत आठवेल त्या क्रमाने युजर बनवले. सकाळी कॅशियरच्या लॉगिनवर मॅनेजरांचं फोल्डर उघडलं आणि मॅनेजरांना स्वतःचंच बंद! सॅमने युजरांना नंबर पुन्हा पहिल्यापासून वाटले होते, आणि फोल्डरच्या परवानग्या सांभाळणारं एनटीएफएस नाव बघत नाही, नंबर बघतं. परवानग्या नीट लावण्यात दोन दिवस गेले. आठवड्याभरात समोरची फर्म पतसंस्थेत जाऊन सांगून आली, "यांना साधी फ्लॉपी ठेवता येत नाही." फ्लॉपीचं त्यांना कुणी सांगितलं, ते मी लिहीत नाही. पतसंस्थेची एएमसी (वर्षाच्या देखभालीचं कंत्राट) गेली, पाठोपाठ आणखी तीन गेल्या. गाळ्याचं भाडं थकलं.

जाता जाता एक: एनटीवर सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा संच) किंवा पुढचा चढवला असेल तर त्यातली सेटअपडीडी.सिस ही फाइल दुसऱ्या सेटअप फ्लॉपीवर टाकून ठेवा, आणि रिपेअरनंतर पॅक पुन्हा चढवा. मूळ सीडीतल्या जुन्या फाइल्स आत मिसळल्या की पुढचा घोळ निस्तरत बसावं लागतं. आता एनटी कोण वापरतं म्हणा.

गिऱ्हाइकांपैकी सूतवाले अण्णा तेवढे राहिले. दर एक तारखेला त्यांच्या एनटी मशीनवर आरडिस्क चालवायला मला बोलावून शेजारी खुर्ची टाकून बसायचे, आणि एंटर दाबायच्या आत विचारायचे, "एस लावलास का रे?" २००५मध्ये ते मशीन भंगारात गेलं. अण्णा अजून विचारतात.