अँटेना, सोसायटी आणि चॅनल 2

आमच्या शिकागोच्या उपनगरातल्या सोसायटीला गवताच्या उंचीपासून दाराच्या रंगापर्यंत सगळ्यात नाक खुपसायचं असतं. छपरावर टीव्हीचा अँटेना चढला आणि पत्र आलंच: दर्शनी शोभा जाते, काढून टाका. उत्तरात मी केंद्र सरकारचा 1996 चा नियम जोडला. फुकट प्रक्षेपण पकडणारा अँटेना स्वतःच्या हद्दीत लावायला सोसायटी मनाई करू शकत नाही. सुरक्षिततेसाठी अट घालता येते, पण ती रास्त आहे हे त्यांनीच सिद्ध करायचं. 1999 पासून भाडेकरूलाही आपल्या बाल्कनीत हा हक्क आहे. सामायिक गच्ची तेवढी यात येत नाही. पुन्हा पत्र नाही! आपल्याकडे सेक्रेटरीसमोर असं कलम ठेवून बघा, पुढच्या सभेत तुमच्याच पार्किंगचा विषय निघेल.

बाकी अँटेना निवडण्यात अमेरिकन माणूस आपल्यापेक्षा शहाणा आहे असं मला वाटत नाही. खोक्यावर 'फोर-के', 'दोनशे मैल' छापलं की घेतो. अँटेनाला फोर-के कळत नाही, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे साठ-सत्तर मैलांपुढे सहसा काही येत नाही. बघायचं ते वेगळंच. टीव्हीवर दिसणारा चॅनलचा आकडा आणि प्रक्षेपणाचा खरा आकडा वेगळा असू शकतो. इथलं चॅनल 7 प्रत्यक्षात 22 वर, यूएचएफमध्ये, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात आहे. चॅनल 2 मात्र 12 वर, व्हीएचएफमध्ये, म्हणजे त्याहून लांब लहरींच्या पट्ट्यात. त्याची अर्धी तरंगलांबी जवळजवळ पाऊण मीटर, आणि अँटेनाची दांडी साधारण तेवढी लांब लागते. खिडकीला चिकटवायच्या कागदासारख्या अँटेनाला ती कशी पेलणार? म्हणून लांब दांड्यांचाच घेतला.

दिशेचं काम सोपं, कारण बहुतेक मोठी चॅनल्स शिकागोतल्या विलिस टॉवर आणि जुन्या हॅनकॉक या दोन गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावरूनच येतात. नवरा शिडीवर, मी टीव्हीपुढे. "आलं का?" "थांब, जरा डावीकडे!" या कामात आपल्या पिढीला कुणी शिकवायला नको. फरक एवढाच की आता मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गायब. म्हणून चित्राकडे न बघता सिग्नलचा आकडा बघत हळूहळू फिरवायचं.

मित्रमंडळी कंजूष म्हणतात. म्हणू देत. केबलचं बिल त्यांना येतं. गॅरेजमधला एलईडी दिवा लावला की चॅनल 2 अजूनही फुटतं. तो दिवा तेवढा बदलायचाय.