माइल्स कोणाच्या खात्यात जमा करावेत?

कामानिमित्त वारंवार विमानप्रवास करणारे माझे बहुतेक सहकारी ज्या कंपनीच्या विमानात बसतात, तिच्याच माइल्स योजनेचे (म्हणजे प्रवासागणिक ‘माइल्स’ नावाचे गुण देणाऱ्या योजनेचे) सदस्य होतात आणि पुढे वर्षानुवर्षे त्या निर्णयाकडे पुन्हा पाहत नाहीत. माझे मत वेगळे आहे. प्रवास कोणत्या विमानाने करायचा आणि त्या प्रवासाचे माइल्स कोणाच्या खात्यात जमा करायचे, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिला निर्णय बहुधा आपल्या हातात नसतो, कारण तिकीट कार्यालयाचा ट्रॅव्हल डेस्क काढतो. दुसरा मात्र पूर्णपणे आपला असतो आणि म्हणूनच त्यावर एक संध्याकाळ खर्च करणे योग्य ठरते.

हे शक्य होते ते विमान कंपन्यांच्या आघाड्यांमुळे. १९९७ साली स्टार अलायन्स स्थापन झाली, १९९९ साली वनवर्ल्ड आणि २००० साली स्कायटीम. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये दाखल झाली आणि आजही जागतिक आघाडीत असलेली ती एकमेव भारतीय कंपनी आहे. आघाडीतील कोणत्याही एका कंपनीच्या योजनेचे सदस्य होऊन इतर सदस्य कंपन्यांच्या विमानप्रवासाचे माइल्स त्या एकाच खात्यात घेता येतात. चाकणच्या वाहन उद्योगात काम करणारा अभियंता लुफ्तान्साच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफुर्टला जातो, तेव्हा ते माइल्स लुफ्तान्साच्या ‘माइल्स अँड मोअर’मध्ये जाऊ शकतात, एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये जाऊ शकतात किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्येही जाऊ शकतात. एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जमा होतात, त्यामुळे निवड करणे भाग असते.

निवड करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवावे लागते. या योजनांमधून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे खर्च करता येणारे माइल्स, ज्यांतून पुढे तिकीट किंवा अपग्रेड घेता येते. दुसरी म्हणजे स्टेटस, म्हणजेच सिल्व्हर, गोल्ड यांसारखी श्रेणी. सुटीत कुटुंबासह वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याने माइल्सचा विचार करावा. कामासाठी सतत इकॉनॉमी वर्गातून फिरणाऱ्याने मात्र स्टेटसला प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हिवाळ्यात फ्रँकफुर्टला बर्फामुळे कनेक्टिंग फ्लाइट रद्द होते आणि शेकडो प्रवासी एका काउंटरपुढे उभे राहतात, तेव्हा प्रतीक्षायादीत वरचे स्थान असणे आणि शांतपणे बसून कार्यालयाशी बोलता येईल असे लाउंज उपलब्ध असणे याचे मोल फुकट तिकिटाहून अधिक असते. यंत्रांचे सुटे भाग नमुना म्हणून सोबत नेणाऱ्यांसाठी जादा सामानाची सवलतही मोलाची आहे. स्टार अलायन्सच्या गोल्ड सदस्याला आघाडीतील विमानांत एक जादा नग किंवा, जिथे वजनावर हिशेब असतो तिथे, २० किलो अधिक सामान नेता येते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. आघाडीच्या पातळीवर सिल्व्हर श्रेणीला फारसा अर्थ नाही. प्रतीक्षायादीत प्राधान्य, एवढेच तिचे स्वरूप आहे. लाउंज, जादा सामान, विमानात आधी प्रवेश हे सारे गोल्डपासून सुरू होते. म्हणून योजनांची तुलना करताना ‘सिल्व्हर किती लवकर मिळते’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘माझ्या नेहमीच्या मार्गांवर, माझ्या नेहमीच्या तिकिटावर गोल्ड एका वर्षात आवाक्यात येते का’ एवढेच तपासावे.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. क्रिसफ्लायरमध्ये एलिट गोल्डसाठी बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स (म्हणजे श्रेणीसाठी मोजले जाणारे माइल्स) लागतात आणि ही श्रेणी स्टार अलायन्स गोल्डच्या बरोबरीची आहे. मुंबई–फ्रँकफुर्ट हे अंतर साधारण ४,१०० मैलांचे असल्याने जाऊन-येऊन ८,२०० मैल होतात. तिकिटावर पूर्ण माइल्स मिळत असतील, तर सहा फेऱ्यांत आपण ४९,००० च्या पुढे पोहोचतो आणि एखादा छोटा जोडप्रवास उरलेली तूट भरून काढतो. तेच तिकीट अर्धे माइल्स देणाऱ्या सवलतीच्या भाड्याचे असेल, तर बारा फेऱ्याही अपुऱ्या पडतात. दोन्ही तिकिटे इकॉनॉमीचीच, आसनेही तीच. फरक असतो तो तिकिटावर छापलेल्या भाडेवर्गाच्या एका अक्षराचा. हा अक्षरवर्ग आणि भागीदार कंपनीसाठी त्यावर किती टक्के माइल्स मिळतात याचा तक्ता प्रत्येक योजनेच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या मागील वर्षाच्या तिकिटांवरची अक्षरे काढून त्या तक्त्याशी पडताळून पाहणे, हे या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. स्वस्त भाड्याच्या काही वर्गांवर भागीदार योजनेत एकही माइल मिळत नाही, हे सदस्य झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

माइल्स अँड मोअरचा हिशेब वेगळा आहे. २०२४ पासून तेथे श्रेणीसाठी अंतराऐवजी गुण मोजले जातात. सेनेटर श्रेणीसाठी, जी स्टार गोल्डच्या बरोबरीची आहे, एका कॅलेंडर वर्षात २,००० गुण लागतात आणि त्यांपैकी १,००० गुण लुफ्तान्सा समूह व त्या योजनेशी जोडलेल्या ठरावीक कंपन्यांच्या विमानांतूनच यावे लागतात. याचा अर्थ असा की एअर इंडियाच्या देशांतर्गत प्रवासाचे गुण त्या एकूण संख्येत भर घालतील, पण निम्मी अट त्यांनी कधीच पूर्ण होणार नाही. जो वर्षभर केवळ जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथेच, तोही बिझनेस वर्गातून जातो, त्याला ही योजना शोभते. ज्याचा प्रवास एका वर्षी स्टुटगार्टचा आणि दुसऱ्या वर्षी बँकॉकचा असतो, त्याने अंतरावर मोजणारी योजना पाहावी.

अंतराऐवजी खर्चावर मोजण्याची पद्धत आता सर्वत्र पसरत आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू केली तेव्हा उडालेले मैल हेच चलन होते. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये, तर अमेरिकनने २०१६ मध्ये तिकिटाच्या किमतीनुसार माइल्स द्यायला प्रारंभ केला. एअर इंडियाने २०२४ मध्ये तेच केले आणि ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून श्रेणीही खर्चाशी जोडली. अनेकांना हा बदल अन्यायाचा वाटतो आणि स्वतःच्या पैशाने लांबचा स्वस्त प्रवास करणाऱ्यावर तो अन्याय आहेच. परंतु व्यावसायिक प्रवाशाची स्थिती उलटी असते. बैठक सोमवारी ठरते आणि तिकीट गुरुवारचे निघते. अशा शेवटच्या क्षणी काढलेल्या महाग तिकिटांवर खर्चाधारित योजना भरघोस देते. मुंबई–दिल्लीसारख्या कमी अंतराच्या पण महाग पडणाऱ्या मार्गावर नियमित जाणाऱ्याला महाराजा क्लबमध्ये जे मिळेल, ते अंतर मोजणाऱ्या परदेशी योजनेत मिळणार नाही.

अमेरिकेत प्रकल्पावर जाणाऱ्या मंडळींना एक नियम मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. युनायटेडही स्टार अलायन्समध्येच आहे, पण तिच्या स्वतःच्या योजनेतील गोल्ड सदस्याला केवळ अमेरिकेअंतर्गत प्रवास करताना त्या श्रेणीच्या जोरावर युनायटेडच्या लाउंजमध्ये प्रवेश नसतो. तोच प्रवासी एअर इंडियाचा किंवा सिंगापूरचा गोल्ड सदस्य असेल, तर शिकागोहून ह्यूस्टनला जातानाही त्याला प्रवेश मिळतो. विमान तेच, प्रवासी तोच, फक्त खाते दुसऱ्या देशातील! नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत राहून तेथील शहरांमध्ये फिरणाऱ्यांनी आपली भारतीय योजना सोडण्यापूर्वी याचा विचार अवश्य करावा.

हे सर्व विवेचन परदेशी प्रवास असणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे वर्ष पुणे–दिल्ली, पुणे–बेंगळुरू, नागपूर–मुंबई एवढ्यातच जाते, त्यांच्यापुढे आघाड्यांचा प्रश्न उभाच राहत नाही. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक इंडिगोने जातात आणि इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही स्वतःची योजना आणली आहे. तिचे सदस्य व्हावे आणि पुढे जावे. आखाती देशांत जाणाऱ्यांनी एवढेच पाहावे की एमिरेट्स कोणत्याही आघाडीत नाही, तर कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे. दुबईपर्यंतच काम असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. पुढे लंडन किंवा टोकियोपर्यंत वेगवेगळ्या कंपन्यांनी जायचे असेल तर बिघडते.

योजना किती टिकेल, हाही प्रश्न आपल्या देशात गंभीरपणे विचारावा लागतो. किंगफिशर फेब्रुवारी २०१२ मध्ये वनवर्ल्डमध्ये दाखल होणार होती. तो प्रवेश अगदी तोंडावर स्थगित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची विमाने थांबली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने सदस्यांचे माइल्स वाचले आणि पुढे ती ‘इंटरमाइल्स’ झाली. पण वर्षानुवर्षे कमावलेल्या प्लॅटिनम श्रेणीला उडणारे विमानच उरले नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. या तिन्ही प्रसंगांवरून मी एक पद्धत पाळतो: माइल्स साठवून ठेवत नाही. मुदत ठेवीवर व्याज मिळते, माइल्सवर मिळत नाही. उलट एका तिकिटाला लागणाऱ्या माइल्सची संख्या कंपनी कधीही वाढवू शकते. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात. तिकिटापुरते जमले की ते वापरावेत.

यासोबत प्रामाणिकपणाचाही एक भाग आहे आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. तिकिटाचे पैसे कंपनी देते, लाभ मात्र आपल्याला होतो. जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने २००६ मध्ये असा निर्णय दिला की कार्यालयीन प्रवासाचे माइल्स मालकाचे आहेत आणि मालक ते कार्यालयीन प्रवासासाठी वापरण्यास सांगू शकतो. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनाही सरकारी दौऱ्याचे माइल्स खासगी प्रवासासाठी वापरण्याची मुभा नाही. खासगी क्षेत्रात बहुतेक ठिकाणी ते कर्मचाऱ्याकडेच राहू दिले जातात. तरीही आपल्या कंपनीचे प्रवासधोरण एकदा वाचावे आणि माइल्ससाठी महाग तिकीट किंवा लांबचा मार्ग कधीही मागू नये. योजना आपल्या मार्गांना अनुसरून निवडली, तर तसे करण्याची वेळच येत नाही.

योजना ठरल्यावर सदस्यत्वाचा अर्ज भरताना नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे. आपल्याकडे ही अडचण विशेष जाणवते, कारण पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, ट्रॅव्हल डेस्क तिकिटावर ते कधी लिहितो तर कधी गाळतो आणि सदस्यखात्यात केवळ नाव व आडनाव असते. अशा वेळी माइल्स आपोआप जमा न होण्याची शक्यता असते. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेल्या स्त्रियांनी तर खात्यातील नावही लगेच बदलून घ्यावे. त्यासाठी कागदपत्रे मागितली जातात आणि वेळ लागतो. सदस्य क्रमांक ट्रॅव्हल डेस्ककडील आपल्या नोंदीत घालून ठेवावा, चेक-इन करताना तो तिकिटावर आला आहे की नाही ते पाहावे, आणि माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये, कारण राहून गेलेल्या प्रवासाची मागणी ठरावीक महिन्यांतच करता येते आणि तेव्हा तोच पुरावा लागतो.