डोळ्यावर न येणारी पानं

आमच्या घरी पत्ते म्हणजे मेंढीकोट नाहीतर बदाम सात. कोपरे दुमडलेला एकच कॅट, त्यातली किलवर दुरी हरवलेली, म्हणून जोकरवर पेनाने 'कि. २' लिहिलेलं. पिसायचे, वाटायचे आणि वाईट पानं आली की वाटणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये ही सोय नाही. तिथे कॅट आपणच जमवलेला असतो.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने हा खेळ काढला. रविवारी आम्ही खेळतो तो त्यातला 'कमांडर' हा प्रकार. चौघंजण, प्रत्येकाचे शंभर पत्ते, त्यातला एक म्होरक्या. जमिनींच्या पानांतून 'माना' मिळतो, म्हणजे बाकीची पानं खेळायला मोजायची शक्ती. साध्या जमिनींची पानं सोडली तर एकही पान दोनदा घेता येत नाही. प्रत्येकाचे ४० लाइफ, शेवटी उरेल तो जिंकला.

माझ्या पहिल्या डेकमध्ये, म्हणजे जमवलेल्या कॅटमध्ये, ड्रॅगनच ड्रॅगन होते. जमिनी होत्या २९. जाणकार ३६-३७ तरी ठेवतात. पण जमिनीच्या पानावर नुसता डोंगर असतो, त्याला कोण विचारतो! भाचीने डेक चाळला आणि म्हणाली, "मामा, हे सगळे सहा-सात मानाचे आहेत. तोपर्यंत तू काय करणार?"

"वाट बघणार."

दोन तास वाटच बघितली. चिवडा मात्र मी संपवला.

मग हळूहळू कळत गेलं. 'सोल रिंग' ही दिसायला जत्रेतली अंगठी, पण एक माना देऊन उतरवली की दर फेरीला दोन देते. 'कमांड टॉवर' आपल्या म्होरक्याला चालेल त्या रंगाचा माना देतो, फुकट. ही पानं पडली म्हणून कुणी 'वा!' म्हणत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे म्हणून तरी कोण म्हणतं?

चौघांच्या खेळाचा हिशेबच निराळा. समोर एकच गडी असेल तर त्याचा राक्षस मारला की फिटंफाट. चौघांत मारला तर माझं एक पान गेलं, त्याचं एक गेलं आणि उरलेले दोघं शेंगदाणे खात मजा बघत बसले. म्हणून 'प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला' असे शब्द असलेलं पान इथे तिप्पट कामाचं. 'ब्लास्फेमस ॲक्ट'वर किंमत लिहिलीय नऊ माना. पण टेबलावरच्या दर प्राण्यामागे ती एकाने उतरते, आणि चौघांची खोगीरभरती जमली की एका लाल मानात सगळ्या प्राण्यांना तेरा-तेराचा फटका. घासाघीस न करता एवढी सूट आमच्या मंडईतसुद्धा मिळत नाही.

माझं लाडकं पान मात्र 'घोस्टली प्रिझन'. माझ्यावर चाल करायची तर दर प्राण्यामागे दोन माना मोजा. ते कुणाला मारत नाही, कुणाचं काही हिसकावत नाही. समोरचा मनात हिशेब करतो आणि शेजारच्याकडे वळतो. याउलट 'ऱ्हिस्टिक स्टडी'. दुसऱ्याने जमीन सोडून काहीही खेळलं की "एक माना देतोस, की मी पान उचलू?" पान जबरदस्त, यात वाद नाही. पण बिशी गोळा करणाऱ्यासारखं दर वेळी विचारत राहिलं की तिघंही आधी तुमच्याकडे बघायला लागतात. मी ते काढून टाकलं. भाचीच्या मते मी भित्रा आहे.

सामानाचंही असंच झालं. हौसेने म्होरक्या चमकत्या फॉइलचा घेतला. जुलै उजाडला. आतला कागद ओल धरून फुगतो, वरचा चकचकीत थर फुगत नाही, त्यामुळे पत्ता पापडासारखा वाकला. चमक आवडली म्हणून डेकमध्ये आणखी तीन फॉइल घातले होते, तेही वाकले. पिसलेल्या गठ्ठ्यातून ते असे डोकं वर काढून बसत, की माझं पुढचं पान कोणतं हे मला कळायच्या आधी समोरच्याला कळे. आता साधे पत्ते आणि मागून एकसारख्या काळ्या, खरखरीत स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या खोळी. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, स्लीव्ह साधारण ६६ बाय ९१ ची, आणि पीव्हीसीची अजिबात नको. आत आणखी एक घट्ट स्लीव्ह घालणारेही आहेत. तसं केल्यावर शंभर पत्ते पिसायला माझ्या तळव्याला आणखी एक बोट हवं होतं.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०, प्रत्येक अवताराचे बारा. गोल, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर, आणि ठेवायला चित्रं काढलेली लाकडी पेटी. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या मनात आलं, यांना स्लीव्ह लागली नसती.

माझी पेटी प्लॅस्टिकची. लाइफ मोजायला दोन वीस बाजूंचे फासे, टोकन म्हणून, म्हणजे पत्ता नसलेल्या प्राण्यांच्या जागी ठेवायला, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे. एकावर अजून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' एवढं शिल्लक आहे आणि तो माझा गॉब्लिन. ओलीसाठी बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून कोपऱ्यांत खुपसल्यात.

गेल्या रविवारी भाचीने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"मामा, तुझ्या ड्रॅगनला बुटांचा वास येतोय."