मडगार्डच्या आतला गंज

"मागचे मडगार्ड कापून द्या, टायर घासते," मालकाची मागणी एवढीच होती. डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप, गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या आतल्या गावांना किराणा पोचवणारी. मे महिन्यात तेंदूपत्त्याची पोती, खरिपात युरिया-पोटॅश. माझं डेंटिंगचं दुकान आलापल्लीला आहे, त्यामुळे जंगलातल्या रस्त्यांनी झिजलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमीच येतात. पण ही गाडी लक्षात राहिली.

मालकाने 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 चे टायर टाकले होते. कागदावर फरक थोडा वाटतो. प्रत्यक्षात टायरची उंची तीस मिलिमीटरने वाढते आणि रुंदी वीस. रिकाम्या गाडीला काही होत नाही, पण पोती भरून नाल्यात उतरली आणि मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबले की टायर मडगार्डच्या कडेला भिडतो. त्यात ती कड गंजून करवतीसारखी झाली होती. डावं चाक काढून टायर आडवा टाकला, तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, लांब चीर आणि तिच्यातून आतले धागे दिसत होते. असा टायर भरल्या गाडीत कधी फुटेल याचा नेम नाही. फोनला रेंज नसलेल्या रस्त्यावर तो फुटला तर मदत कुठून येणार? सगळ्यात आधी तो टायर मी बाजूला काढायला लावला.

मालक म्हणाले, "भाऊ, काहून येवढा इचार करता? मारा ना ग्रायंडर."

ग्रायंडर मारायला वेळ लागत नाही. पण हौद्याचं मडगार्ड म्हणजे एक पत्रा नसतो. बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची कमान असे दोन पत्रे खाली कडेला एकावर एक आणून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने, जोडलेले असतात. चिखल त्याच फटीत बसतो. आपल्याकडची चिकट माती आत गेली की दसऱ्यापर्यंत ओली राहते. या गाडीत तर वरून पोटॅशचं पाणी झिरपलेलं. पोटॅशमधला क्लोराइड लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा लवकर खातो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पत्र्यांच्या मधे फुगून जोडच उचकटतो. अशी कड नुसती कापून सोडली तर हौद्याची बाजू तळातून उघडी पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी थेट आत.

मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कडेवरून ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो. डाव्या बाजूला मागच्या अंगाला आवाज एकदम बसका आला. तिथं पत्रा नव्हताच, जाड पुट्टी होती. खरवडली तर खाली कागदाचा बोळा, त्याखाली आधी कुणीतरी मारलेला ठिगळाचा पत्रा. ठिगळ कापायच्या आधी मी आत हात घालून बघितलं, कारण डिझेल भरायची नळी त्याच बाजूने टाकीकडे जाते. हाताला माती लागली, आणि ती माती तेलकट होती. डिझेलचा वास.

काम तिथंच थांबवलं. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, माती बोटांनी मोकळी केली आणि टॉर्च धरला. टाकीच्या हवेची रबरी नळी एका बाजूने जळून काळी पडली होती, चिरली होती, आणि टाकी भरली की तिच्यातून डिझेल पाझरत होतं. ठिगळ मारणाऱ्याने नळी न काढताच वेल्डिंग केलं असणार. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण रबर आणि डिझेलने भिजलेली घाण यांवर ग्रायंडरच्या ठिणग्या पडल्या तर आग लागायला तेवढं पुरतं. हा माणूस ही गाडी घेऊन जंगलात फिरत होता, मागे पोत्यांवर माणसं बसवून! पुट्टी फासून पैसे घेणाऱ्याचा मला त्या दिवशी मनापासून राग आला.

मालकाला बोलावून नळी दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मृगाच्या आधी गाडी पायजे होती. पण आता तुमाले जसं बरोबर वाटते तसंच करा."

नवी नळी चंद्रपूरहून मागवली. ती येईपर्यंत भरायचा पाइप काढला, टाकीचं तोंड बंद केलं, तेलकट माती धुऊन काढली. कापायची रेघ मात्र घाईने मारली नाही. एक मागचं चाक जॅकने तेवढं वर घेतलं की पाटा पूर्ण दबला. इथं एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पाट्याचं पुढचं टोक पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, हलतं. म्हणून पाटा सपाट झाला की चाक वर जाताना थोडं मागेही सरकतं. कमान दोन्हीकडे सारखी कापली तर मागच्या बाजूला टायर परत घासतो. मागे जागा जास्त ठेवून मास्किंग टेप लावली.

काच आणि सीट ओल्या पोत्यांनी झाकली, कारण ठिणगी काचेत रुतली की डाग निघत नाही. मग बाहेरचा पत्रा रेघेवर कापला. आतला मात्र इंचभर लांब ठेवला, त्याला बोटभर अंतराने चिरा दिल्या आणि एकेक जीभ हातोडीने वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवली. मधे वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, म्हणजे वरून वेल्डिंग करता येतं असा जस्ताचा रंग. जिथं आतला पत्रा उरलाच नव्हता तिथं वीस गेजची नवी पट्टी बसवली. दिवसा मोटारपंप चालू असले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि मिग वेल्डिंगचा टाका धड धरत नाही, म्हणून वेल्डिंग रात्री केलं. एक टाका इकडे, एक तिकडे, मधे पत्रा निवू देत. सलग ओढलं तर पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. नंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीलर, त्यावर अंडरबॉडी कोटिंग, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी जायला भोक.

मालकाला कडेवर रबरी पट्टी हवी होती. ती मी लावली नाही. दिसायला छान असते, पण तिच्या खाचेत पाणी धरून राहतं. आणखी रुंद टायर टाकून ते मडगार्डच्या बाहेर काढायचाही त्यांचा विचार होता. त्यालाही नाही म्हटलं. मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर गोटे उडतात, आणि आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मधे बसत नाही.

नवी नळी बसवून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि रात्रभर गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडाच होता. मग पोती भरून मालकाबरोबर कच्च्या रस्त्याने एक फेरी मारली, टायर कुठंच लागला नाही. खताची खेप टाकून आलं की कमानीच्या आत पाइपने पाणी मारायचं आणि खालचं भोक काडीने मोकळं करायचं, हे मी त्यांच्या ड्रायव्हरला हाताने करून दाखवलं. उजव्या बाजूचा केबिनकडचा कोपरा अजून धरून आहे, पण आतून गंज सुरू झालाय. ते काम दिवाळीनंतर, धान घरी आल्यावर करायचं ठरलंय.